टोपलीवर नाव कोणाचं?

'लुप्त होत चाललेले व्यवसाय' हे शब्द हल्ली फार ऐकू येतात. जणू हे व्यवसाय आपले आपणच लुप्त होतात, पाऊस कमी झाला की विहीर आटते तसे! आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत बुरूडकाम आणि सुतारकाम कशानं आटलं, हे बऱ्यापैकी सालवार सांगता येतं. आणि त्यातलं बाईचं काम तर आटायच्या आधीपासूनच कुणाच्या हिशेबात नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात पारंपरिक कारागिरीच्या एका प्रदर्शनाला आम्ही सातजणी गेलो होतो. आमचा गट छोटा आहे. चार बुरूड बायका, एक सुताराच्या घरची, एक गोंड मुलगी आणि मी. समाजकार्याची पदवी घेऊन गट बांधायला म्हणून गेले, आणि त्यांच्यात बसून रंधा मारायला, कामट्या काढायला शिकले. त्यामुळे आता त्या मला कामातली धरतात.

मांडवात एका बाजूला लाकडी नांगर, वखर, तिफण, दमणीचं चाक. दुसऱ्या बाजूला सुपं, टोपल्या आणि माणूस आत मावेल एवढी धान साठवायची ढोली. प्रत्येक वस्तूखाली पाटी आणि पाटीवर कारागिराचं नाव. आम्ही झाडून सगळ्या पाट्या वाचल्या. बाईचं नाव एकाही पाटीवर नव्हतं. प्रात्यक्षिकाला मात्र बाईच बसवलेली, छान नऊवारी नेसवून! आमच्यातल्या सगळ्यात वडील बाईंनी तिला विचारलं, "नाव कोनाचं लिवलं वं इथं?" ती सूप विणता विणता म्हणाली, "मालकाचं. कार्ड त्याइच्याच नावानं हाये ना बाई."

बांबू आणणं आणि फोडणं हे बहुधा पुरुष करतो, हे खरं. पण कामट्या तासून सारख्या करणं, भिजवणं, बूड धरणं, विणणं, काठ बांधणं, आणि मग तो सगळा डोलारा डोक्यावर घेऊन आठवडी बाजार गाठणं, गिऱ्हाइकाशी घासाघीस करणं, हे बाईचं. यातलं कारागिरीत काय धरायचं आणि 'घरकामात' काय, हे ठरवलं कुणी? सुताराच्या घरी करवतीचं दुसरं टोक बाई धरते. पण नांगर घडून तयार झाला की त्याला बाईनं हात लावू नये, अशी रूढी.

आता आटण्याबद्दल. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं बांबूला 'झाड' ठरवलं, म्हणजे गवताच्या जातीच्या या वनस्पतीवर वनखात्याची मालकी आली. इथल्या जंगलातला बांबू कितीतरी वर्षं करारानं कागद कारखान्याकडे गेला, आणि बुरूड डेपोच्या दारात कार्ड घेऊन उभे राहिले. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्र्याला गावात यावं लागलं. सागवानाचं वेगळं काय? मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरचं सागवान वाजतगाजत रवाना झालं. तो मान लाकडाचा. त्याच जंगलाशेजारच्या सुताराला चार फळ्या परवडत नाहीत.

प्रदर्शनात भाषणंही झाली. 'परंपरा जपा' असं आम्हाला सांगण्यात आलं. सांगणाऱ्यांपैकी कुणाच्या मुली सुपं विणत असतील असं वाटलं नाही. बुरूडकाम ही कला आहे तशी ती जातही आहे, हे अशा मांडवात कुणी उच्चारत नाही. बुरुडाच्या मुलीनं परिचारिका व्हायचं ठरवलं तर तिच्यावर परंपरेचं ओझं टाकायचा अधिकार कुणालाच नाही. उलट आमच्यातली गोंड मुलगी जातीनं सुतार नाही आणि बाईमाणूस, तरी वाकस चालवते. ज्याला हवं त्यानं, जिला हवं तिनं हे काम करावं आणि त्यावर पोट भरावं, एवढंच माझं म्हणणं. (शहरी मैत्रिणींनाही एक सांगायचंय. दिव्याची शेड म्हणून टोपली घेताना दहा रुपयांसाठी भाव पाडू नका.)

खरी गोम पुढे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं विश्वकर्मा योजना आणली. १८ व्यवसाय आहेत, त्यांत सुतारही आहेत आणि टोपल्या विणणारेही. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत ५ टक्क्यांनी कर्ज. कागदावर चांगलीच आहे. पण नियम असा, की लाभ कुटुंबातल्या एकालाच, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. दोघांच्या चार हातांनी होणाऱ्या कामात 'एक' कोण निघणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

कुणी म्हणेल, पैसा घरातच येतो ना! आमच्यातली एक नवऱ्यानं टाकलेली आहे. दोन मुलं ती टोपल्यांवर वाढवते. नवऱ्यानं आधीच नोंदणी केलेली, घटस्फोट झालेला नाही, म्हणून अर्ज घेणाऱ्यांनी तिला परत पाठवलं. नवरा कधीचा रोजंदारीला निघून गेलाय. विणणारी इथे बसलीय आणि सरकारदरबारी कारागीर तो आहे.

दोन नावं लिहिता येत नाहीत असं मात्र नाही. वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) मध्ये विवाहितांचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. जमिनीच्या बाबतीत २००६ मध्ये जे सुचलं, ते टोपलीच्या बाबतीत १७ वर्षांनी का सुचू नये?

आम्ही आमच्या ग्रामसभेत ठराव मांडतो आहोत. कार्डावर आणि योजनेत दोघांचीही स्वतंत्र नोंद व्हावी. परित्यक्ता आणि विधवांना स्वतंत्र कुटुंब धरावं. प्रदर्शनातल्या पाटीवर विणणारीचं नाव यावं. ठरावाचा मसुदा तयार आहे. तुमच्या भागात बुरूड, कुंभार, कोष्टी बायकांसोबत काम करणाऱ्या गटांनी मागवला तर पाठवू. त्यात तुमच्याकडचे नियम आणि अनुभव घालून तो आम्हाला परत पाठवा.