शस्त्रक्रियेपूर्वीचे दहा आठवडे

करवीरनगरी तालमींचे शहर म्हणून मिरविते. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१२ साली उभारलेले खासबाग मैदान आजही तिचे भूषण आहे. परंतु याच नगरीत एखाद्या मुलाला हाडाचा कर्करोग झाला, की घरात पहिला हुकूम सुटतो तो ‘हलू नकोस’ असा. त्यामागील माया आम्ही जाणतो. हा हुकूम सर्वस्वी योग्य आहे, असे मात्र आम्हांस वाटत नाही.

गुडघ्याजवळच्या हाडातील अशा गाठीवर सहसा लगेच शस्त्रक्रिया होत नाही. आधी सुमारे दहा आठवडे केमोथेरपी चालते; मग शस्त्रवैद्य रोगट भाग काढून, शक्यतो पाय वाचवून, कृत्रिम सांधा बसवितात. मधला काळ बहुधा अंथरुणात जातो. औषधांनी भूक मरते, न वापरलेले स्नायू झिजतात, आणि मूल शस्त्रक्रियेला सामोरे जाते ते अगदी दुबळे होऊन. पुढे कुबड्यांवर उभे राहावयाचे तर दंडांत नि चांगल्या पायात बळ हवे. ते आणावयाचे कोठून?

ते आधीच कमवावे, हा विचार आता वैद्यकात रुजत आहे. प्रौढांच्या फुप्फुसांच्या शस्त्रक्रियांपूर्वी असा व्यायाम उपयुक्त ठरला आहे. मुलांविषयीचा पुरावा अद्याप तोकडा आहे, हेही सांगितले पाहिजे. शिवाय, आम्ही आजारी पोराला जोर-बैठकांना जुंपावयास सांगत आहो, असा अर्थ कोणी घेऊ नये! पोखरलेल्या हाडावर भार पडला तर ते मोडते. मूत्रपिंडाच्या गाठीला पोटावरील आघाताने फुटण्याचे भय असते. रक्तातील प्लेटलेट घटल्या की हातही आखडता घ्यावा लागतो. म्हणून हे काम वस्तादाचे नव्हे, फिजिओथेरपिस्टचे. दीर्घ श्वसन, बसल्या जागी रबरी पट्टा ओढणे, चेंडू झेलणे, कुबड्यांची आगाऊ सवय. एवढेच, पण रोज.

उपचारांसाठी आपल्याकडील कित्येक मुले मुंबईच्या टाटा रुग्णालयात जातात आणि दोन केमोंच्या मध्ये घरी परततात. त्या दिवसांत त्यांना विचारणार कोण? आमच्या सीपीआर रुग्णालयाने या मुलांसाठी आठवड्यातील एक वेळ राखून ठेवावी आणि मुंबईच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायाम ठरवून द्यावा. गगनबावड्याहून मुलाला घेऊन येणाऱ्या बापाचा एका खेपेत दिवसाचा रोजगार बुडतो. तेव्हा रक्ततपासणीचा वार आणि व्यायामाचा वार एकच असावा.