गोळीबरोबर दोन वाक्यंही द्या

संधिवातासाठी दिलेली मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तीच चुकून रोज पोटात गेली तर तोंड फोडांनी भरतं, रक्तातल्या पेशी घटतात, प्रसंगी जिवावर बेततं. चिठ्ठीत ‘आठवड्यातून एकदा’ लिहिलेलं असतं, पण ते इंग्रजीत, घाईच्या अक्षरात. रुग्णाच्या हातात गोळी पडण्याआधी भेटणारा शेवटचा जाणकार माणूस म्हणजे मेडिकलमधला फार्मासिस्ट. "काकू, ही फक्त सोमवारी. एरवी चुकूनही नाही. सांगा बघू, कधी घेणार?" एवढं विचारायला अर्धं मिनिट पुरतं.

प्रत्यक्षात बहुतेक काउंटरवर काय चालतं? कात्रीने स्ट्रिप कापली जाते आणि एक्स्पायरी छापलेला तुकडा दुकानातच राहतो. पाकिटावर पेनाने १-०-१ उमटतं, बिल पुढे येतं, की पुढचं गिऱ्हाईक. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि कॅल्शियमची तिच्यानंतर चार तासांनी, हे कोणी सांगतच नाही. मग दोन्ही एकत्र घेतल्या जातात, थायरॉइडचं औषध अंगी लागत नाही आणि डोस वाढवायची वेळ येते.

हे समजावून सांगणं ही मेहरबानी नव्हे. २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये ते फार्मासिस्टचं काम म्हणून नोंदवलेलं आहे: औषध कसं, किती दिवस घ्यायचं, कोणत्या त्रासाकडे लक्ष ठेवायचं, कसं साठवायचं, डोस चुकला तर काय करायचं. महेश झगडे राज्याच्या एफडीएचे आयुक्त असताना फार्मासिस्ट नसलेल्या दुकानांवर कारवाईचा धडाका लागला होता. तरीही भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं आणि काउंटरवर दुसराच, अशी दुकानं आजही सापडतात. जिथे फार्मासिस्ट हजर असतो, तिथेही त्याला गर्दीत बोलायला उसंत नसते. मालकांनी ती दिली पाहिजे. शिकलेल्या माणसाला नुसता गोळ्या मोजायला बसवणं हा त्याच्या विद्येचा अपमान आहे आणि रुग्णाच्या जिवाशी खेळही.

वाचकहो, आपणही विचारायला शिकूया. पुढच्या वेळी पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारा: हे कशासाठी, कधी घ्यायचं, किती दिवस, आणि माझ्या चालू औषधांबरोबर चालेल ना? उत्तर देणारा फार्मासिस्ट समोर नसेल, तर दुकान बदला.