‘घरचीच मुलगी’ आणि तिचे वेतन

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या तरुण मराठी जोडप्यांपुढे मूल झाल्यावर एक प्रश्न ठराविक क्रमाने उभा राहतो. प्रथम एका बाजूची आजी पर्यटक व्हिसावर सहा महिने येते, मग दुसऱ्या बाजूची. दोघी परतल्या की पाळणाघराचे दर पाहिले जातात. घरात दोन मुले असली तर कोणीतरी सुचवते की एजन्सीमार्फत एक ‘ओ-पेअर’ ठेवावी. परदेशातील तरुणी वर्षभर घरात राहते, मुले सांभाळते, भाषा शिकते. मोबदल्यात तिला जेवण, खोली आणि हातखर्च मिळतो. ठेवावी की ठेवू नये, हा त्या कुटुंबाचा खाजगी प्रश्न मानण्याची प्रथा आहे. वस्तुतः तो मालक होण्याचा निर्णय आहे, आणि त्याची चिकित्सा सार्वजनिक कसोटीवरच व्हावयास हवी.

‘ओ-पेअर’ या मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’ असा आहे. नोकर नव्हे, तर घरातल्या इतरांसारखीच एक, अशी त्यामागची कल्पना. युरोप परिषदेने २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबर्ग येथे या व्यवस्थेसंबंधी करार केला. या व्यक्ती विद्यार्थी वर्गात मोडत नाहीत आणि कामगार वर्गातही मोडत नाहीत, दोहोंची लक्षणे असलेला त्यांचा वर्ग निराळाच आहे, असे त्यात नमूद केले गेले. काम सामान्यतः दिवसाला पाच तासांहून अधिक नसावे, आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी असावी, अशी संरक्षणेही त्यात होती. हेतू चांगला होता. परंतु एखाद्याला कामगार म्हणायचे नाही असे एकदा ठरले, की त्याच्या श्रमाची किंमत ठरताना कामगार कायदा दाराबाहेर उभा राहतो.

अमेरिकेत ही योजना १९८६ साली सुरू झाली. सांस्कृतिक देवाणघेवाण हे तिचे घोषित उद्दिष्ट. म्हणून तिचा कारभार श्रम खात्याकडे नसून परराष्ट्र खात्याकडे आहे. १८ ते २६ वयाच्या तरुणीकडून आठवड्याला ४५ तासांपर्यंत आणि एका दिवसात १० तासांपर्यंत काम घेता येते. युरोपच्या पाच तासांचे येथे दहा झाले! मोबदल्याचा हिशेब असा की, तासाला ७.२५ डॉलर या २००९ पासूनच्या केंद्रीय किमान वेतनाने ४५ तासांचे ३२६.२५ डॉलर होतात. त्यातून भोजन-निवासापोटी ४० टक्के वजा केले की उरतात १९५.७५ डॉलर. म्हणजे तासाला ४.३५ डॉलर. ज्या खोलीचे भाडे असे वसूल होते ती खोली मालकाच्याही सोयीची असते, कारण पहाटे मूल उठले की सांभाळणारी हाकेच्या अंतरावर हवी असते. गिरणी आणि चाळ यांचे नाते ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा हिशेब समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता एजन्सीकडे पाहू. अमेरिकेत ओ-पेअर थेट ठेवता येत नाही; सरकारमान्य एजन्सीमार्फतच ठेवावी लागते. मुलीच्या पूर्ववृत्ताची पडताळणी, प्रशिक्षण, विमा, देखरेख ही कामे आवश्यक आहेत, आणि ती कोणीतरी केलीच पाहिजेत. पण एजन्सीला द्यावे लागणारे शुल्क वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात जाते. मुलीला वर्षभरात मिळणारी किमान रक्कमही जवळजवळ तेवढीच. राबणारी आणि गाठ घालून देणारी यांचा वाटा सारखाच! त्यातून, कुटुंबावर देखरेख ठेवणारी एजन्सी त्याच कुटुंबाच्या शुल्कावर जगते. मुलीचा व्हिसा या एजन्सीच्या प्रायोजकत्वाला बांधलेला असतो. कुटुंबाशी पटले नाही तर थोड्या दिवसांत दुसरे कुटुंब मिळाले पाहिजे, अन्यथा मायदेशी परत. तक्रार करण्यापूर्वी जिला परतीच्या विमानाचा विचार करावा लागतो तिचा करार ‘बरोबरीच्या नात्याचा’ कसा म्हणावा?

हे या तरुणींच्या ध्यानात आले नाही असे नाही. २०१४ साली काही माजी ओ-पेअरनी डेन्व्हरच्या केंद्रीय न्यायालयात पंधरा एजन्सींवर दावा लावला. नियमाने ठरलेली किमान रक्कम हीच जणू कमाल रक्कम असल्यासारखी सर्वांनी मिळून राखली, असा त्यांचा आरोप होता. २०१९ च्या जानेवारीत एजन्सींनी दोष मान्य न करता ६ कोटी ५५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अपील न्यायालयाने निकाल दिला की मॅसॅच्युसेट्स राज्याचा घरकामगार हक्क कायदा ओ-पेअरनाही लागू आहे. त्या राज्याच्या २०२३ मधील १५ डॉलर या दराने, चाळीस तासांवरील कामाचा दीडपट मोबदला धरून, ४५ तासांचे सुमारे ७०० डॉलर होतात. निकालानंतर अनेक कुटुंबांनी ही योजना परवडत नाही अशी तक्रार केली. सांस्कृतिक देवाणघेवाणीला मजुरीचा दर लावताच ती परवडेनाशी व्हावी, यातच त्या देवाणघेवाणीचे आर्थिक स्वरूप उघड होते.

यावर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला, ही तरुणी स्वखुशीने येते. भाषा शिकते, जग पाहते. हे खरे आहे, आणि तिला दारच बंद करणे हा न्याय नव्हे. नॉर्वेने मार्च २०२४ मध्ये ही व्यवस्थाच संपवली. शोषणाची एक वाट त्याने बंद झाली, पण त्याच वाटेने येऊ इच्छिणाऱ्या मुलींना दुसरी वाट मिळाली असे नव्हे. दुसरा आक्षेप असा की, कुटुंबही श्रीमंत नाही. दोघांनी नोकरी केल्याशिवाय घर चालत नाही आणि दोन मुलांचे पाळणाघर परवडत नाही. हेही खरे आहे. परंतु त्याची कारणे त्या मुलीच्या हातखर्चात शोधून सापडणार नाहीत. १९७१ साली अमेरिकन काँग्रेसने सार्वत्रिक बालसंगोपनाच्या दिशेने जाणारे विधेयक संमत केले आणि अध्यक्ष निक्सन यांनी ते नाकारले. उलट जर्मनीत ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला संगोपनाच्या जागेचा कायदेशीर हक्क आहे. राज्यसंस्थेने टाळलेली जबाबदारी प्रथम आजीच्या विनामूल्य श्रमावर पडते आणि मग परक्या देशातील मुलीच्या स्वस्त श्रमावर.

आपल्याकडील वाचकांनी हे परदेशचे प्रकरण म्हणून बाजूला ठेवू नये. ‘आमच्याकडे ती घरच्यासारखीच आहे’ हे वाक्य पुण्या-मुंबईत किती घरांत ऐकू येते! १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला तो याच वाक्याच्या विरोधात. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्याने मंडळ दिले, वेतनाचा दर दिला नाही. अंगणवाडी सेविकेला तर शासन स्वतःच ‘वेतन’ न देता ‘मानधन’ देते. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११ चा १८९ क्रमांकाचा करार भारताने स्वीकारलेला नाही आणि अमेरिकेनेही नाही. लोकशाहीचा अभिमान मिरवणाऱ्या या दोन देशांचे एवढ्या बाबतीत मात्र एकमत आहे.

मग त्या जोडप्याने काय करावे? ओ-पेअर ठेवायची असेल तर ती कामगार आहे हे प्रथम मान्य करावे. नियमातील १९५.७५ डॉलर ही किमान रक्कम आहे. अधिक देण्यास कोणताही कायदा आड येत नाही. तेव्हा राज्याच्या किमान वेतनाने हिशेब करावा, तास लेखी नोंदवावेत आणि ठरल्या वेळेनंतर तिला हाक मारू नये. तिच्या देशात तिच्याकडून किती पैसे घेतले गेले हे एजन्सीला विचारावे. एवढे करून जमत नसेल, तर आपल्याला ती परवडत नाही असा सरळ निष्कर्ष काढावा आणि ‘घरच्यासारखी’ या शब्दाने तूट भरून काढू नये. मात्र चांगले मालक वाढल्याने प्रश्न सुटत नाही. सार्वजनिक पाळणाघर आणि घरकामगाराला वेतनाचा कायदा या दोन मागण्या एकाच चळवळीच्या आहेत, आणि मूल ठेवून कामावर जाणारी स्त्री व ते मूल सांभाळणारी स्त्री या दोघींनी त्या एकत्र मांडल्या पाहिजेत. कार्यकर्त्यांनी त्याचा आरंभ आपल्या घरच्या हिशेबाच्या वहीपासून करावा.