पडद्यापेक्षा नोटीस धारदार

सरकारी नियंत्रणाची कादंबरी म्हटली की जॉर्ज ऑर्वेलचे ‘1984’ आठवते. 1949 साली आलेल्या या पुस्तकात भिंतीवरचा पडदा माणसावर नजर ठेवतो. ते साल खरोखर उजाडले तेव्हा 16 आणि 17 जानेवारीला, उरण तालुक्यातल्या जासई परिसरात, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मारले गेले. त्यांच्या घरात कुठलाही पडदा नव्हता. होती ती 1894 च्या ब्रिटिश कायद्याखालची नोटीस, मोजणीचा नकाशा आणि जमिनीचा भाव ठरवण्याचा सरकारचा अधिकार. नियंत्रणाच्या कथा वाचून आपण चौकातले कॅमेरे मोजायला शिकलो, सात-बाऱ्यावरचे नाव कसे पुसले जाते हे पाहायला मात्र शिकलो नाही.

झाम्यातिनची ‘आम्ही’ ही रशियन कादंबरी ऑर्वेलच्याही आधीची. तिच्यातले शहर काचेचे आहे, आखीव आहे आणि नागरिकांना नावाऐवजी क्रमांक आहेत. (पत्ता विचारला की नवी मुंबईकरही आधी सेक्टरचा आकडा सांगतो, पण ते असो.) चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये नवी मुंबई हे शहर सुचवले ते मुंबईचा भार हलका करण्यासाठी, त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आराखड्यात कोण मावले याचा आहे. झाम्यातिनच्या शहरात नको असलेली माणसे भिंतीपलीकडे राहतात. इथे ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली 95 गावे संपादनात आली आणि शहराच्या पोटातच राहिली. कुटुंबे वाढली, गावठाणे मात्र तेवढीच राहिली. मग मुलांसाठी गरजेपोटी बांधलेली घरे कागदोपत्री अनधिकृत झाली.

शहर तर चांगले चालले आहे, मग कसली दडपशाही, असे कुणी विचारेल. कादंबरीकार हक्स्लेने 1932 मध्येच दाखवले होते की सुखसोयी पोचल्या की प्रश्न विचारणारे कमी होतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: निवडून आलेले सरकार म्हणजे ऑर्वेलचा हुकूमशहा नव्हे. हे खरे आहे. ऑर्वेलचा नायक एकटा पडतो आणि मोडतो. इथे मात्र जासईच्या गोळीबारानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना सरकारला आणावी लागली. पण यातून उणी ठरते ती कादंबरी. गावकी, पक्ष, मोर्चा यांना तिच्यात जागाच नाही. सत्ता वरून येते एवढेच ती सांगते. ही सत्ता कुणाच्या सोयीने आणि कुणाच्या गप्प बसण्याने टिकते, हे तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने 1972 मध्ये अधिक नेमके मांडले. तिथे रात्री घराबाहेर पडायलाही परवाना लागतो, आणि परवाने मागणाऱ्या कोतवालाला खुर्ची नाना फडणवीस देतो. नाटकाचे प्रयोग काही काळ थांबले, नानांच्या बदनामीवर पुष्कळ वाद झाला. कोतवाल नेमणाऱ्याचा फायदा काय, ही चर्चा त्या गदारोळात मागे पडली.

मराठीत अशी कादंबरी लिहू पाहणाऱ्याने लंडनचा पडदा तूर्त बाजूला ठेवावा आणि उरण-पनवेलच्या एखाद्या प्रकल्पग्रस्ताच्या घरी जपून ठेवलेली संपादनाची नोटीस आधी वाचावी.