गळा कुणाच्या बापाचा?



मी जलशात गातो. म्हणजे गात होतो. आता तोंड उघडलं की फाटका पत्रा वाजतो. डॉक्टरनं घशात आरसा घालून पाहिलं. म्हणाला, स्वरतंतूंवर गाठी आहेत. "काय करता?" "गातो." "गात नाही, ओरडता."

खरंय. 14 एप्रिलची रात्र, चार वस्त्या, चार स्टेजं. कर्णे सगळे पब्लिककडं. गाणाऱ्याकडं तोंड केलेला एक स्पीकर कुणी लावत नाही. स्वतःचा आवाज कानी पडला नाही की माणूस आपोआप ओरडतो. स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, सुजतात, त्यांना घट्टे पडतात. कुदळ मारणाऱ्याच्या हाताला पडतात तसे. आमच्या ढोलकीवाल्याची बोटं उलतात, तो चिकटपट्टी गुंडाळून वाजवतो. कोरसातल्या पोराच्या कानात रात्रभर कुई वाजते. 85 डेसिबलचा आवाज कानानं 8 तास सोसावा, त्यापुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, असा हिशेब आहे. म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं! आपला डीजे किती तास चालतो?

हे बोललं की कार्यकर्ते म्हणतात, "चळवळीसाठी एवढं तरी सोसा." 26 नोव्हेंबर 2010 ला विठ्ठल उमप दीक्षाभूमीवर, स्टेजवरच कोसळले आणि गेले. ऐंशीला टेकलेला माणूस. त्यांच्या मरणाचं कारण मी सांगत बसत नाही. पण स्टेजवर मरणाऱ्याला आपण टाळी देतो, जगणाऱ्याला गरम पाणी देत नाही, हे सांगतो.

1956 नंतर आपल्या बापजाद्यांनी गावकीची हलगी फेकली. हलगी वाईट होती म्हणून? छे! हात आपला, हुकूम गावाचा आणि मोबदला शिळा तुकडा, म्हणून फेकली. मग आज कमिटी आपली, झेंडा निळा, आणि कलावंत पुन्हा बलुत्यावरच? हारतुरे म्हणजे शिळा तुकडाच की रे!

एका रात्री एकच स्टेज. मानधन आधी. गाणाऱ्यापुढं स्पीकर. वाजवणाऱ्यांच्या कानाला इअरप्लग. वर्गणीतला एक वाटा कलावंताच्या औषधपाण्याला. एवढं जमत नसेल तर 'शाहीर आमचा' म्हणू नका.

वेळेत गळ्याला विसावा दिला, आवाज लावायची रीत सुधारली तर अशा गाठी बहुतेकदा विरतात. मी उशिरा गेलो. आता महिनाभर बोलायची बंदी आहे, म्हणून हे लिहून काढलं. पुढल्या बैठकीत कुणीतरी मोठ्यानं वाचा.

जयभीम.