बांबू कुणाचा, हे आधी ठरवा

विकास शाश्वत हवा तर पर्यावरण, पोट आणि समाज या तिघांनीही थोडंथोडं सोडून समतोल साधावा, असं सरसकट सांगितलं जातं. मग एक पक्ष म्हणतो, रोजगार हवा तर जंगलावर पाणी सोडा. दुसरा म्हणतो, जंगल वाचवायचं तर माणसाला आत फिरकू देऊ नका. दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात: माणसाचं पोट आणि जंगल यांचं हाडवैर आहे. मला हे गृहीतच मान्य नाही.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) पाहा. इथला बांबू पूर्वी कागद कारखान्याला जाई. बांबूच्या बेटात जुने बांबू आत असतात, कोवळे कडेला. पुढच्या पावसाळ्यात वास्ते (नवे कोंब) फुटतात ते या कोवळ्यांच्या बुडाशी. नगावर मजुरी घेणारा माणूस आतल्या गचपणात कशाला शिरेल? हाताशी येतो तो कडेचा बांबू तो तोडतो आणि बेट खुंटतं. दोष त्याचा नाही. पुढच्या वर्षी ते बेट त्याचं नसतं, एवढंच.

2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवलं. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वाहतूक परवान्यासाठी गाव झगडत राहिलं. परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला तो एप्रिल 2011 मध्ये. तेव्हापासून विक्रीचा पैसा ग्रामसभेकडे येतो; निर्णय तर गावात आधीपासूनच सर्वसहमतीने होत आले आहेत. पुढच्या वर्षीही याच बेटावर जगायचं असल्याने कडेचा बांबू राखणं हा गावाचा रोकडा स्वार्थ झाला. इथे जंगल आणि पोट यांच्यात तडजोड करावी लागलीच नाही.

मेंढा लहान, एकाच गोंड समाजाचं गाव. इतरत्र हे कसं जमेल, हा आक्षेप हलका नाही. गावाचा एकोपा उचलून दुसरीकडे नेता येत नाही, पण हक्क देता येतो. जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक ग्रामसभांना तो मिळाला आहे. सगळीकडे आलबेल नाही. तेंदूपानांच्या व्यापाऱ्यांनी काही ठिकाणी गावांचे पैसे थकवले. त्यावर उपाय म्हणजे करार पक्के करणं, वसुलीत शासनाने गावाच्या मागे उभं राहणं. हक्क काढून घेणं हा उपाय नव्हे.

म्हणून वनजमिनीवरच्या कुठल्याही प्रकल्पाच्या अहवालात 'समतोल' वाचलात, तर ग्रामसभेच्या ठरावाची प्रत मागा. ती नसेल, तर त्या अहवालाला संमती देऊ नका.