पक्षाघात : लॅक्टेटला ‘आम’ म्हणण्यापूर्वी



आपल्या परिषदांतून एक प्रवृत्ती वारंवार दृष्टीस पडते. आधुनिक वैद्यकात एखादे नवे तंत्र आले, की आपल्यापैकी कोणीतरी त्यास तत्काळ संहितेतील संज्ञा चिकटवतो. तीव्र पक्षाघातात मेंदूतील चयापचयजन्य द्रव्यांचे चित्रण करण्याविषयी बोलताना एका वक्त्याने असेच विधान केले : “लॅक्टेट म्हणजेच आपला आम.” टाळ्या पडल्या. मीही वाजविल्या, हे कबूल करतो. मागाहून विचार करता ते विधान मला पटेनासे झाले. ते निरुपद्रवी आहे असेही वाटेना.

प्रथम तंत्र पाहू. नेहमीच्या एम.आर.आय.मध्ये दिसते ते मुख्यतः शरीरातील पाण्याच्या हायड्रोजनचे चित्र. मॅग्नेटिक रेझोनन्स स्पेक्ट्रोस्कोपीत त्याच यंत्राद्वारे अन्य द्रव्यांचे क्षीण संकेत वेगळे केले जातात. त्यांपैकी दोन येथे महत्त्वाची. रक्तवाहिनी अवरुद्ध होऊन प्राणवायू तुटला, की पेशी ग्लुकोजचे प्राणवायूविना विघटन करू लागतात व काही मिनिटांतच लॅक्टेट साचते. दुसरे द्रव्य एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट. प्रौढ मेंदूत ते प्रामुख्याने चेतापेशींत असते आणि त्या मरू लागल्या की पुढील तासांत व दिवसांत उतरत जाते. पहिले संकट कळविते, दुसरे शिल्लक किती ते सांगते.

ही द्रव्ये पाण्याच्या मानाने हजारो पटींनी विरळ असल्याने चित्रणास फार वेळ लागे व चित्रही ढोबळ येई. मोठी वाहिनी बंद पडली असता दर मिनिटास सुमारे 19 लाख चेतापेशी नष्ट होतात, असा 2006 साली मांडलेला अंदाज आहे. अशा व्याधीत चित्रासाठी कोण थांबणार? 2020 मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे महत्त्व म्हणूनच आहे. त्यात 18 रुग्णांमध्ये अवघ्या 8 मिनिटांत जवळजवळ संपूर्ण मेंदूचे असे चित्रण केले गेले. रक्तपुरवठा घटलेल्या भागांपैकी जे पुढे मृत झाले तेथे लॅक्टेट अधिक होते, जे सावरले तेथे कमी. अर्थात 18 ही संख्या लहानच. तातडीच्या चिकित्सेचा निर्णय आजही सी.टी. व नेहमीच्या एम.आर.आय.वरच होतो.

आता आमाविषयी. लॅक्टेट स्वस्थ शरीरातही बनते, व्यायामाने वाढते, पेशी ते इंधन म्हणूनही वापरतात. अग्निमांद्यातून उत्पन्न होणारा, स्रोतांना चिकटणारा, पाचनाची अपेक्षा ठेवणारा आम तो हा नव्हे. आणि एकदा आम म्हटले की आपला हात सवयीने लंघन-पाचनाकडे वळतो. येथेच रुग्णाचा घात होतो. चरकाचार्यांनी वातप्रकोपाची दोन कारणे सांगितली आहेत, धातुक्षय व मार्गावरण. तुलना करायचीच तर मार्गावरण जवळचे. परंतु हे आवरण काही तासांत दूर व्हावे लागते. गुठळी विरघळविणाऱ्या इंजेक्शनची मर्यादा सर्वसाधारणपणे साडेचार तासांची. 2018 साली छापून आलेल्या डॉन व डिफ्यूज-3 या चाचण्यांनंतर, चित्रणात वाचविण्याजोगा भाग दिसत असल्यास निवडक रुग्णांत गुठळी काढण्याची क्रिया 24 तासांपर्यंतही होऊ लागली. शिवाय हा अवरोध की रक्तस्राव, हे नाडीवरून सांगता येत नाही. येत असल्याचा दावा करणाऱ्यांशी मी वाद घालीत नाही. त्यांच्या रुग्णांचीही सी.टी. व्हावी एवढेच म्हणतो.

हे मी अधिकाराने नव्हे, चुकीतून लिहीत आहे. काही वर्षांपूर्वी एका सकाळी साठीतील शेतकऱ्यास त्यांचा मुलगा चिकित्सालयात घेऊन आला. “डॉक्टर, बाबांचं तोंड वाकडं झालंय, हातातनं कप पडला.” मी नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, प्रकृती विचारली, औषध कोष्ण जलातून पाजले, त्यांना ठसका लागला. गिळण्याची क्रिया तपासल्यावाचून अशा रुग्णास मुखावाटे काहीही देऊ नये, हे मला पदवीच्या अभ्यासातही शिकविले गेले होते. पाऊण तासाने शहरात पाठविले. तेथून फोनवर एकच प्रश्न आला : “शेवटचे व्यवस्थित केव्हा होते?” माझ्या टिपणात प्रकृती होती, दोषावस्था होती, ती वेळ नव्हती. इंजेक्शन देता आले नाही.

पुढे ते माझ्याकडेच बस्तीसाठी येत राहिले. सहा महिन्यांत काठीने चालू लागले. यात बस्तीचा भाग किती आणि मेंदूच्या स्वाभाविक सावरण्याचा किती, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. आपले खरे क्षेत्र या उत्तरकालात आहे आणि माझ्या मते स्पेक्ट्रोस्कोपीचा आपणास उपयोगही येथेच. पंचकर्मापूर्वी व नंतर एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट मोजावे, सोबत पंचकर्म न केलेल्या रुग्णांचा तुलनागट ठेवावा, आणि जे येईल ते, प्रतिकूल असले तरी, छापावे. आपल्या पदव्युत्तर महाविद्यालयांपैकी ज्यांच्या जवळ एम.आर.आय. केंद्र आहे त्यांनी तेथील क्ष-किरणतज्ज्ञांशी बोलणे करावे.

माझ्या रुग्णपत्रकात आता नाडीच्या वर एक रकाना आहे : शेवटचे व्यवस्थित असल्याची वेळ. शेजारच्या भिंतीवर सी.टी.ची सोय असलेल्या सर्वांत जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक लिहिला आहे.